टेपवरचा पक्षी

३ फेब्रुवारी

प्रिय धडाम,

उत्तराला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुझं पत्र दिवाणखान्यातून दुकानात, दुकानातून पुन्हा घरी असं माझ्याबरोबर फिरत होतं. लिहायला बसलो की कुणाचा तरी स्पीकर दुरुस्तीला यायचा असं सांगणार होतो, पण खरं म्हणजे हल्ली स्पीकर रोज येत नाहीत. काय लिहावं तेच सुचत नव्हतं. फोन करावा तर तुझे कान ड्रम बडवून बडवून गेलेले. मागच्या वेळी मी तब्येत विचारली, तर तू म्हणालास, "मंगळवारी." म्हणून पत्रच बरं.

तुझी नात विचारते की रॉक एवढं गाजत होतं, मग ते मागे का पडलं. आता हा प्रश्न तिने मला का विचारावा? मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. शिकलेल्यांनी यावर मोठमोठे लेख लिहिले असतील. तरी तू लिहिलंस म्हणून विचार केला, आणि विचार करता करता झोप उडाली.

मला वाटतं, आपणच जास्त पळालो. आठवतं का, सुरुवातीला हॉलमध्ये लोक नाचायचे. मग पलीकडच्या रस्त्यावरच्या पोरांनी आपल्यापेक्षा जलद वाजवलं, म्हणून आपण त्यांच्यापेक्षा जलद वाजवायला लागलो. इतकं, की पाय त्या तालावर पडेनात. लोक नाचायचे थांबले आणि खुर्च्या ओढून बसले. आपल्याला वाटलं, वा, आता आपल्याला मान मिळाला. मग माझे गिटारचे सोलो लांबले. माझा सोलो चालू असताना आपला गाणारा खाली जाऊन चहा पिऊन यायचा. बसलेले लोक हळूहळू घड्याळं बघायला लागले. शेवटी हॉलच्या मालकाने एक पोरगा आणला, त्याच्याकडे दोन रेकॉर्ड प्लेअर. त्याने पहिली रेकॉर्ड लावली आणि सगळ्या खुर्च्या भिंतीला लागल्या. आपण चौघे, चार भांडणं आणि एक टेम्पोभर सामान. तो एकटा, रिक्षाने यायचा.

आपण आलो तेव्हा क्लॅरिनेटवाले काका त्या हॉलमधून गेलेच होते की. त्यांच्या जागी आपण आलो आणि आपल्या जागी तो.

बरं, दुसरी गोष्ट. इथल्या संगीत शाळेच्या एका बाईंचा निरोप आलाय. याच विषयावर मुलांशी बोला म्हणतात. माझं नाव त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. जाऊ का? माझ्या एकुलत्या कोटाला कोपरावर भोक आहे. आणि मुलं हसली तर? आपल्या चौघांतले दोघे गेले. आता हसण्यासारखे आपण दोघेच उरलोय, आणि तू लांब लेकीकडे जाऊन बसलास.

कळव.

तुझा,
वायर


११ फेब्रुवारी

वायर,

जा. कोपर वर करू नकोस म्हणजे भोक दिसणार नाही.

तुझं उत्तर नातीला वाचून दाखवलं, फोनवर. ती शिकायला बाहेर असते. मी बोलतो, ती ऐकते, आणि ती बोलते ते मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं. "टेम्पोभर सामान" यावर ती खूप हसली असं लेक म्हणाली. आम्ही तिला बटण म्हणतो, आठवतं ना? तू पाहिलीस तेव्हा ती माझ्या ड्रमच्या खाली बसून पेडल दाबायची. आता कॉम्प्युटरवर बटणं दाबते आणि त्याला गाणं म्हणते. मला ऐकू येत नाही. पण स्पीकरवर हात ठेवला की ताल कळतो, आणि ताल चांगला असतो. हे तुला ड्रमर म्हणून सांगतोय, आजोबा म्हणून नाही.

तुझं म्हणणं मला अर्धंच पटलं. जलद वाजवून आपण मेलो असं तू म्हणतोस. मी तर ज्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे बसलो होतो आणि वर छतातून आपल्याच धाटणीचं गाणं हळू आवाजात झिरपत होतं, त्या दिवशी ओळखलं की आपलं संपलं. ज्या गाण्यापायी आपल्याला घरातून हाकलून दिलं होतं, ते आता लोकांच्या दाढा काढताना लावतात! मग पोरांनी ते कशाला ऐकावं? बाप आंघोळ करताना जे गुणगुणतो, ते ऐकून कुणाचं रक्त तापतं?

पण संपलं तरी जातं कुठे, हे मात्र मला कळत नाही. माळ्यावर आपली जुनी टेप सापडली. तीच, गिटारच्या सुरुवातीची. बटण सुट्टीत आली होती, तिने मागितली, देऊन टाकली. तिला सगळी हकिकतही सांगितली, आपण ती कशी भरली ती. इतकी हसली की लेक धावत आली.

शाळेत जा, आणि तिथे काही ऐकवलं तर नीट ऐक. तू ऐकण्याआधी बोलतोस, ही तुझी जुनी खोड आहे.

धडाम


२ मार्च

प्रिय धडाम,

गेलो बाबा! आणि मला काय भीती वाटत होती! घरातून निघालो, कोपऱ्यावरून परत येऊन गॅस बंद आहे का पाहिला, पुन्हा निघालो, तरी वेळेच्या आधी पोचलो.

खोली लहान होती, भिंतींना आवाज शोषणारा फोम. वीसेक मुलं जमिनीवर बसलेली. बाईंनी मला खुर्ची दिली. टेम्पो, भांडणं, दोन रेकॉर्ड प्लेअरचा पोरगा असं सांगत गेलो आणि मुलं पुढे सरकून ऐकायला लागली. धडाम, किती वर्षांनी माझ्याकडे असं कुणी पाहिलं. मला ते चढलं असणार.

पुढच्याच रांगेत टोपी घातलेली एक मुलगी होती. तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या त्या गाण्याच्या सुरुवातीला जी गिटार आहे ती इतक्या वेगात कशी वाजवायचात?"

आता मी काय सांगणार होतो? टेप निम्म्या गतीने फिरवून सावकाश वाजवलं आणि मग पूर्ण गतीने लावलं, असं? स्टेजवर ते येत नव्हतं म्हणून मी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचो आणि लोक त्याला माझी स्टाइल समजायचे, असं? आपल्यापुरता तो विनोद आहे. तिथे सांगितलं असतं तर माझं उरलं काय असतं? मी म्हणालो, "मेहनत, बाळ. पहाटे उठून बसायचो. बोटांतून रक्त यायचं."

तिने टोपी जरा खाली ओढली. मग म्हणाली, "आणि त्यात मध्येच एक पक्षी ओरडतो, तो कुठला?"

"खिडकीत येऊन बसला होता," मी म्हणालो. "आमचं ऐकायला."

सगळे हसले. ती पण हसली.

मग बाई म्हणाल्या, आता आमच्या मुलांचं एक गाणं ऐका आणि मोकळेपणाने मत द्या, नाव सांगत नाही. लावलं. काय सांगू तुला! पावलं ओढत कुणी चाललंय असा संथ ताल. एक जाड, खोल तंतुवाद्य, तेच तेच पुन्हा पुन्हा. आणि मध्येच कुणीतरी चक्क खोकतं! दर वेळी त्याच जागी! संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "ज्याने कुणी हे वाजवलंय, त्याला हात नाहीत. आणि ज्याने बनवलंय त्याला कान नाहीत. अहो, निदान तो खोकला तरी काढायचा! दम्याच्या दवाखान्यात बसून भरलंय का?"

सगळी खोली हसली. एक मुलगा तर आडवाच पडला. टोपीवाली मुलगी पाणी पिऊन येते म्हणाली आणि बाहेर गेली. मग मी तिथेच माझं अनुमान सांगितलं की आमचं संगीत मागे पडलं कारण पुढच्यांना मेहनत नको होती. तुला लिहिलं होतं त्याच्या अगदी उलट, पण त्या वेळी ते जमून गेलं.

टाळ्या मिळाल्या. तरी तेव्हापासून काहीतरी सलतंय. घरी येताना तीन थांबे पुढे गेलो. बाईंनी निरोप देताना माझ्याकडे नीट पाहिलं नाही असं वाटलं. तुला काय वाटतं? का मी उगाच जिवाला लावून घेतोय?

वायर


१० मार्च

वायर,

टोपीवाली मुलगी म्हणजे बटण.

ती त्याच शाळेत शिकते. बाईंना तुझं नाव तिनेच सुचवलं. मला तिने बजावलं होतं की कळवू नका, ओळख निघाली की ते माझं उगाच कौतुक करतील. तिला तुझं खरं मत हवं होतं. ते मिळालं.

आणि ते जाड, खोल वाद्य म्हणजे तुझी गिटार. तिने आपली टेप घेऊन पुन्हा निम्म्या गतीवर आणली, तू टेप भरताना जशी वाजवली होतीस तशी. तिचं म्हणणं होतं, धाकट्या आजोबांचा हात जलद नव्हता, पण त्यात काहीतरी होतं, ते आपण घाईत झाकून टाकलं. तुला ती लहानपणापासून धाकटे आजोबा म्हणते. म्हणूनच तिने तुला विचारलं, इतक्या वेगात कसं वाजवायचात. तू हकिकत सांगशील, मग ती गाणं लावायला सांगेल, आणि तू ओळखशील, असा तिचा सगळा बेत होता.

पक्षी तू होतास, वायर. भरताना तुला ठसका लागला होता, आणि दुसरी टेप नव्हती म्हणून तसंच ठेवलं. दुप्पट गतीने तो चिवचिवला आणि आपण पोट धरून हसलो. विसरलास?

तिने ते गाणं वार्षिक कार्यक्रमातून काढून घेतलंय. कारण विचारलं तर म्हणते, "ते बरोबरच म्हणाले." लेकीने मला हे कागदावर लिहून दाखवलं, मी दोनदा वाचलं.

मी रागावलोय की नाही ते मलाच कळत नाही.

धडाम


२९ मार्च

प्रिय धडाम,

पुन्हा उशीर केला. माफी मागायलाही तोंड नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुझं पत्र दुकानाच्या दारात उभ्यानेच वाचलं आणि शटर परत खाली ओढलं. शेजारचा कुलूपवाला म्हणाला, "काय काका, आज सुट्टी?" मी हो म्हणालो. त्याच्याकडेही बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडची त्या टेपची प्रत काढली. दोन गतींचं जुनं मशीन अजून चालतं, आठवड्यातून एकदा मीच त्याला तेल देतो. आधी नेहमीच्या गतीने लावली. ते किणकिणणं, ज्याच्यावर मी जन्मभर मिरवलो. तो पक्षी. मग गतीचा खटका खाली केला.

धडाम, ते गाणं तिथेच होतं. बटणने त्याला काही केलेलंच नव्हतं. एक तरुण माणूस सावकाश, जपून गिटार वाजवतोय, पुढची जागा चुकेल म्हणून घाबरलेला. मग तो खोकतो आणि तरीही थांबत नाही. मशीन दुरुस्त करणारा माणूस मी. टेप कुठल्या गतीवर आहे हे मी दुसऱ्या खोलीतून सांगतो. आणि मला माझा स्वतःचा हात ओळखू आला नाही. ज्याला हात नाहीत असं मी म्हणालो तो मी, आणि ज्याला कान नाहीत असं म्हणालो तोही मीच.

आणि सारखे ते क्लॅरिनेटवाले काका डोळ्यासमोर येतात. तुला आठवत नसेल, तू सामान बांधत होतास. आपला पहिला कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी ते शेवटपर्यंत बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. संपल्यावर मंचाजवळ येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मला यातलं काही कळलं नाही. पण पुन्हा वाजवणार असाल तर मी पुन्हा येईन." आपण त्यांची जागा घेतली होती, आणि तो माणूस हे बोलला. ते वळल्यावर मी आणि गाणारा त्यांच्या चालण्याची नक्कल करून हसलो. आता त्यांच्याएवढं वय झालं, तर त्यांच्याएवढं बोलताही आलं नाही मला.

मग शाळेत गेलो. सांगतो ते हसू नकोस. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेलो आणि पहारेकऱ्याने "कोण हवंय?" विचारल्यावर "कुणी नाही" म्हणून परत आलो. दुसऱ्या दिवशी त्यानेच दुरून हाक मारली, "या, कुणी नाहीवाले काका." आत सोडलं.

बटण एका छोट्या खोलीत एकटी बसली होती, कानावर हेडफोन. मला पाहून उठली. खुर्ची दिली. कागदी कपात चहा आणला. धडाम, ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती इतकी नीट वागली की मला कुठे बघावं कळेना. चहा मी शर्टावर सांडला.

"बटण," मी म्हणालो, "तो खोकला माझा होता."

"मला माहितीये," ती म्हणाली.

"पक्षी वगैरे नव्हता."

"तेही माहितीये, धाकटे आजोबा. आजोबांनी सांगितलंय. तुम्ही पाठ करून उभे राहायचात तेही."

"त्यानेच? त्याला काही पोटात ठेवायची सवयच नाही."

इथे ती थोडी हसली. तेवढ्या हसण्यावर मी दोन दिवस काढले.

मग मी म्हणालो, ते गाणं पुन्हा ऐकव. तिने लावलं. सुरुवात झाली, माझा हात चालायला लागला, ती जागा जवळ आली, मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि खोकला आलाच नाही. ताल इस्त्री फिरवल्यासारखा सरळ पुढे निघून गेला.

"काढला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून. बरोबर होतं ते, आता स्वच्छ वाटतं." मग गाणं बंद करत, "पण मग मला ते आवडेनासं झालं. का ते कळत नाही. म्हणून कार्यक्रमातून काढून घेतलं."

मला कळत होतं का ते. त्या गाण्यात एवढा एकच माणूस होता, आणि मी त्याला वीस मुलांसमोर हाकलून दिलं होतं.

तिला म्हणालो, परत घाल. म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून सांगताय." बघ, खरी मतं मागणारी पोरगी आणि तिच्यापुढे खोटं बोललेला मी. आता माझं कुठलं बोलणं तिने खरं धरावं? म्हणून बाईंना बोलावून घेतलं, आणि जी मुलं आसपास होती त्यांना गोळा केलं. त्या आडव्या पडलेल्या पोरालाही. त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. निम्मी गती, पाठ, रक्तबिक्त काही नाही, पक्षी नाही. रॉक मागे पडलं ते पुढच्यांनी मेहनत केली नाही म्हणून नव्हे, हेही सांगितलं. आम्ही जे नव्हतो ते दाखवण्यात इतके गुंतलो की जे होतो ते कुणाला ऐकू आलं नाही, आणि ते ऐकायला हिच्यासारखी कुणीतरी यावी लागली. नीट बोलता आलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. तो पोरगा म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्या दिवशी स्वतःलाच बोललात?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "कडक." हे चांगलं की वाईट ते मला माहीत नाही.

बटण फाटकापर्यंत सोडायला आली. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "बघते. आजोबांना सांगेन."

तर आता सगळं तुझ्या हातात आहे. ती मला सांगणार नाही, आणि मी तिला पुन्हा विचारायचं नाही असं ठरवलंय. विचारलं तर ती माझं मन राखायला हो म्हणेल, आणि तसं मला नकोय.

कपाटावरची गिटार खाली काढली आहे. नवीन तारा लावल्या. बोटं वळत नाहीत, आपल्या गतीने तर एक सूर निघत नाही. पण काल सकाळी खटका खाली करून टेपबरोबर वाजवून पाहिलं. तिच्या गतीने येतं, धडाम. ठसका लागेपर्यंत सगळं येतं.

कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. ती गाणं लावणार असेल तर मी मागच्या रांगेत बसेन, काकांसारखा, टोपी मांडीवर ठेवून. नसेल तरी बसेन. मला फक्त एवढंच हवंय, तिने खोकला परत घातला का. तिला विचार, लेकीकडून लिहून घे, आणि एका ओळीत कळव. हो की नाही, एवढंच. पण लवकर कळव. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो, आणि कुलूपवाला रोज हसतो.

तुझा,
वायर